गुरुवारी, शब्दसंग्रह

गुरुवार. कोंढव्यात वीज नाही.
खाली झेरॉक्सवाला शटरला टेकून पेपर वाचतोय.
वर आम्ही सात जण, एक खिडकी,
आणि फळ्यावर कालपासून न पुसलेलं:
युनिट नऊ. कॉन्फ्लिक्ट, अटॅक, डिस्ट्रक्शन.

अटॅकपाशी मी नेहमी जरा थांबते.
आपल्याकडे हल्ला कुणीतरी करतं,
अटॅक मात्र येतो,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा, पहाटे, बाथरूममध्ये,
आमच्या बाबांना आला तसा.
मुलांना हे सांगत नाही. त्यांना सांगते,
अटॅक ऑन. प्रीपोझिशन विसरलात की अर्धा मार्क गेला.

वैष्णव गुंजाळला लष्करात जायचंय.
स्कर्मिश म्हणजे चकमक, सीज म्हणजे वेढा,
ॲम्बुश म्हणजे दबा धरून, मॅडम, दबा धरून!
त्याला धडाधड येतं.
रेड म्हणजे इन्कम टॅक्सची धाड, केतकी ओसवाल म्हणते,
आणि सगळे हसतात,
कारण तिच्या काकांच्या दुकानावर खरंच पडली होती.

शकीबा हसत नाही.
हेरातहून आलेली. एम.कॉम. झालं,
आता साडेसहा बँडवर कॅनडा अडलंय.
व्याकरण चोख, स्पेलिंग कच्चं:
असॅसिनेटमध्ये दर वेळी
ती एक तरी एस वाचवते.

ऑब्लिटरेट.
कुणालाच येत नाही.
मी समानार्थी शब्दांची पोतडी उघडते,
उद्ध्वस्त करणे, धूळधाण उडवणे, राखरांगोळी
(ह्या शब्दात रांगोळी घालायला
कोण बसलं असेल, कुठल्या उंबऱ्यापुढे?),
नेस्तनाबूत,
बेचिराख.

शकीबा मान वर करते.
"हे आमचंय."
कोणतं?
"शेवटची दोन्ही. नीस्त-ओ-नाबूद. बे-चिराग़."
मग थोडं हिंदीत, थोडं हातांनी:
चिराग़, दिवा. बे, नाही.
संध्याकाळ होते
आणि ज्या गावात कुणीच दिवा लावत नाही, ते.

म्हणजे राख नाहीच त्यात.

बाबा भूमी अभिलेखमध्ये कारकून होते.
जुन्या गावांच्या याद्या घरी आणायचे,
रविवारी नक्कल करत बसायचे.
काही नावांपुढे त्यांच्या वळणदार अक्षरात
एवढंच: बेचिराग.
मी सातवीत. पेन्सिल घेऊन
त्यांच्या प्रत्येक ग-चा ख केला,
अकरा गावं,
आणि शाबासकी मागायला समोर उभी राहिले.
त्यांनी खोडरबर घेतला. बोलले काहीच नाहीत.
चूक पकडली गेली की मोठी माणसं गप्प होतात,
असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

"मॅडम, हे परीक्षेला आहे का?" गुंजाळ.
नाही.
तरी तो लिहून घेतो.

शकीबाच्या वहीत तीन रकाने.
डावीकडून ऑब्लिटरेट चालत येतो,
उजवीकडून तिची ठिपक्यांची अक्षरं,
मधला रकाना मोकळा.
देवनागरी ती बसच्या पाट्यांवरून शिकली,
कात्रज, हडपसर, स्वारगेट,
अजून रेघ आधी मारते, अक्षरं मागून टांगते.
रेघ मारून झाली. पेन थांबलंय.
"ख की ग?"

एवढ्यात पंखा कुरकुरतो,
खालून झेरॉक्सवाला ओरडतो, आली, आली!
ट्यूब दोनदा डोळे मिचकावते.
फळ्यावर अजून बावीस शब्द बाकी आहेत.

ग, मी म्हणते.
ग लिही.